१०२४च्या खाली

कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याची ही गोष्ट. २०२१च्या पावसाळ्यात तिथल्या संचालक मंडळानं ठरवलं, की येत्या हंगामापासून सभासदाला आपल्या उसाची नोंद, तोडीचा क्रम आणि काट्यावर भरलेलं वजन घरबसल्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. तोवर यासाठी माणसं गट ऑफिसला हेलपाटे घालायची. तोडीच्या चिठ्ठ्या आणि नोंदी सांभाळणारा चिटबॉय गाठ पडला तर कळायचं, नाहीतर टोळी फडात येऊन उभी राहीपर्यंत काही पत्ता नसायचा. तोड लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटतं, खोडव्याचं वेळापत्रक चुकतं. या माहितीची किंमत गावात कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

काम आलं संगणक विभागाकडे. विभाग म्हणजे दोन माणसं. एक अण्णा. ते मुळात इन्स्ट्रुमेंटेशनचे. टाइम ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला दुसरं कुणी धजेना म्हणून त्यांना तिथं बसवलं आणि ते तिथलेच झाले. दुसरी पंचविशीतली एक मुलगी. तिचे वडील याच कारखान्याचे सभासद. तोडीची चिठ्ठी कधी निघणार या काळजीनं वडील रात्री उठून बसलेले तिनं लहानपणापासून पाहिले होते. त्यामुळे हे काम तिनं घरचं म्हणून अंगावर घेतलं. जावामध्ये सगळं ॲप्लिकेशन एकटीनं लिहिलं, लिनक्स सर्व्हरवर टॉमकॅट हा जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा प्रोग्राम बसवला आणि त्यावर ते चढवलं.

टॉमकॅट नव्यानं बसवला की ८०८० या पोर्टवर ऐकत बसतो. एका यंत्रावर पोर्टचे क्रमांक ० ते ६५५३५ असतात आणि आलेली मागणी कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची हे त्या क्रमांकावरून ठरतं. ब्राउझरमध्ये नुसता पत्ता टाकला तर साधी जोडणी ८०वर जाते, सुरक्षित जोडणी ४४३वर. दुसऱ्या पोर्टवर जायचं तर पत्त्यापुढं दोन टिंबं देऊन आकडा लिहावा लागतो. चाचणीसाठी काही चिटबॉयना पत्ता दिला, तर बहुतेकांनी ती दोन टिंबं गाळली आणि साइट उघडत नाही म्हणून फोन केले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. फडात उभं राहून, उसाच्या पाचटानं कापलेल्या बोटांनी जो माणूस पत्ता टाइप करणार, त्याच्याकडून असल्या टिंबांची अपेक्षा करणं हाच दोष होता.

मुलीनं टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमध्ये ८०८०च्या जागी ८० लिहिलं आणि तो पुन्हा सुरू केला. तो उठलाच नाही. लॉगमध्ये ओळ होती : बाइंड एक्सेप्शन, परमिशन डिनाइड.

युनिक्स आणि लिनक्सवर १०२४च्या खालचे पोर्ट राखीव असतात. ते उघडायचा हक्क रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याला. टॉमकॅट चालत होता त्याच्याच नावाच्या एका साध्या खात्यावर. तिनं तोच आदेश पुढं सुडो लावून पुन्हा दिला. आता टॉमकॅट रूटच्या नावानं सुरू झाला, त्याला ८० मिळाला, साइट उघडली. तिनं वडिलांना फोन लावला आणि त्यांच्याकडून नुसता पत्ता टाकून घेतला. वडिलांना आपल्या दोन्ही गटांची नोंद दिसली. फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "झ्याक झालं बघ."

बॉयलरचं अग्निप्रदीपन होऊन गेलं होतं आणि मोळी टाकून गाळप सुरू करायला दोन दिवस उरले होते. संध्याकाळी अण्णा तिच्या टेबलापाशी आले, साइट पाहिली, दोन-तीन नोंदी उघडून बघितल्या, मनापासून शाबासकी दिली. आणि विचारलं, "पोरी, हा टॉमकॅट चालतोय कुणाच्या नावानं?"

तिनं चालू प्रक्रियांची यादी देणारा पीएसचा आदेश देऊन दाखवलं. पहिल्या रकान्यात रूट.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

तिला ते लागलं. महिनाभर रात्री जागून उभं केलेलं काम, नुकतंच कुठं चालायला लागलेलं, आणि हा माणूस एका शब्दात बंद करायला सांगतो. तिनं वाद घातला, आणि चांगला घातला. ती म्हणाली, की हा १०२४चा नियमच आता कालबाह्य आहे. बर्कलेच्या विद्यापीठात बीएसडी युनिक्स घडत होतं त्या काळातला तो. १९८३ साली बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडीमध्ये आरलॉगिन आणि आरएसएच होते. एका यंत्रावरचा माणूस दुसऱ्या यंत्रावर पासवर्ड न देता जाऊ शकायचा. दुसरं यंत्र एवढं बघायचं, की मागणी विश्वासाच्या यादीतल्या यंत्राकडून आणि १०२४च्या खालच्या पोर्टवरून आली आहे ना. आली असेल, तर ती पलीकडच्या रूटच्या परवानगीनं आली, आणि तो रूट म्हणजे विद्यापीठातला जबाबदार माणूस, म्हणून त्यानं सांगितलेलं वापरकर्त्याचं नाव खरं. यंत्रं मोजकी होती, सांभाळणारे एकमेकांना ओळखत होते, तेव्हा हे चाललं. पुढं २ नोव्हेंबर १९८८ला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म ज्या वाटांनी यंत्रामागून यंत्र घेत गेला, त्यातली एक वाट याच विश्वासाची होती. "आज कुणीही स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असतो, अण्णा. मॅकवर २०१८च्या मोहावेपासून साध्या खात्यालाही ८० उघडता येतो. लिनक्समध्येसुद्धा २०१७पासून ही १०२४ची रेघ खाली सरकवायची सोय आहे. ज्या नियमात आता अर्थ उरला नाही, त्याच्यासाठी मी साइट बंद करू?"

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "नियम जुना झालाय, हे तुझं खरंच आहे," ते म्हणाले. "पण तू नियम मोडला नाहीस. तू तो पाळलास, आणि पाळण्यासाठी रूट झालीस. माझं भांडण त्या रूटशी आहे."

मला वाटतं, या जागी दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच हा प्रश्न सुटायला अवघड जातो. जो नियम सुरक्षेसाठी केला, त्याच नियमानं गेली कित्येक वर्षं साध्यासुध्या प्रोग्रामांना रूट व्हायला भाग पाडलं आहे. पोर्ट उघडणं हे पापणी लवायच्या आत होणारं काम. त्यासाठी घेतलेला अधिकार मात्र प्रोग्राम चालू आहे तोवर, दिवसरात्र, महिनोन्महिने त्याच्या हातात राहतो. बाहेरच्या जगातल्या कुणाही अनोळख्याचा मजकूर वाचायचा, त्यावर काहीतरी करायचं आणि उत्तर द्यायचं, हे त्या प्रोग्रामचं रोजचं काम. ते तो यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकारानं करत बसतो.

अण्णांनी हे तिला कारखान्याच्या भाषेत सांगितलं. "काट्यावरच्या कारकुनाला सकाळी काट्याची खोली उघडून द्यावी लागते. वॉचमन येतो, उघडतो, किल्ल्यांचा जुडगा घेऊन परत जातो. जुडगा कारकुनाच्या गळ्यात अडकवून जात नाही, कारण त्या जुडग्यात कॅश सेक्शनची किल्ली पण असते. कारकून प्रामाणिक आहे, मला ठाऊक आहे. पण दिवसभर त्याच्या खिडकीशी कोण कोण येतं?"

मुलगी गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे. दोन दिवसांत काय करता येईल याचा विचार सुरू झाला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी एमडी साहेबांच्या कानावर गेलं, की चालू झालेली साइट संगणकवाल्यांनी बंद केली. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. "चालत होतं ना? मग हात कशाला लावता? मोळीच्या कार्यक्रमात चेअरमन साहेब जाहीर करणार आहेत." अण्णांनी फार काही सांगितलं नाही. उद्या दुपारपर्यंत सुरू करून देतो, नाही झालं तर जबाबदारी माझी, एवढंच म्हणाले. साहेब त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होते. त्यांनी मान हलवली.

त्या रात्री दोघं बसली. आधी मुलीनं सगळ्यात छोटा उपाय करून पाहिला : जावाच्याच फाइलला सेटकॅपनं राखीव पोर्ट उघडण्यापुरता हक्क द्यायचा, बाकी रूटपण नको. लिनक्समध्ये रूटच्या अधिकारांचे असे सुटे तुकडे केलेले आहेत. पण हक्क मिळताच जावा सुरूच होईना. असा खास अधिकार मिळालेल्या प्रोग्रामच्या बाबतीत लिनक्स सावध होतं, लायब्ररी शोधायच्या नेहमीच्या वाटांवर विश्वास ठेवत नाही, आणि जावाला आपलीच एक लायब्ररी सापडेनाशी होते. त्यावर तोड काढता आली असती. पण अण्णांनी दुसरीच गोष्ट दाखवली : हक्क जावाला दिला, तर या यंत्रावर जो कुणी जो कुठला जावाचा प्रोग्राम चालवेल, त्या सगळ्यांना तो मिळाला. तिला द्यायचा होता फक्त एका टॉमकॅटला.

मग आयपीटेबल्स. ८०वर आलेलं सगळं परस्पर ८०८०कडे वळवायचं. टॉमकॅट आपल्या जागी, आपल्या साध्या खात्यावर. हे लगेच जमलं. पण त्याच सर्व्हरवर बसून साइट उघडून पाहिली तर उघडेना, कारण यंत्राची स्वतःचीच मागणी त्या वळणावरून जात नाही, तिला वेगळा नियम लागतो. आणि नियम जपून ठेवले नाहीत तर यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की ते पुसले जातात. कारखान्यात वीज कधी हेलकावे खाईल याचा नेम नसतो. हंगामात मध्यरात्री हे कुणाच्या लक्षात राहणार? तिनं तोही मार्ग बाजूला ठेवला. लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या सेवाफाइलमध्ये एक ओळ लिहून फक्त त्या सेवेला, तिच्या साध्या खात्यासकट, पोर्टचा हक्क देता येतो. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय २०१५पासून आहे. तिला तो उपाय सगळ्यात नीटस वाटला, आणि टॉमकॅट एकटाच असता तर माझंही मत त्यालाच पडलं असतं.

पण सुरक्षित जोडणीसाठी प्रमाणपत्रही बसवायचं होतं आणि दर ९० दिवसांनी ते नवं करायचं होतं. म्हणून शेवटी पुढं एनजिनएक्स बसवला. रशियाच्या इगोर सिसोएव यांनी लिहिलेला आणि २००४ साली लोकांसाठी खुला केलेला हा सर्व्हर. त्याची मांडणी या प्रश्नाचा विचार करूनच झालेली आहे : एक मुख्य प्रक्रिया रूटच्या नावानं उठते, ८० आणि ४४३ उघडते, प्रमाणपत्राची गुप्त किल्ली वाचते. बाहेरच्या माणसांचं बोलणं ती स्वतः ऐकत नाही. त्यासाठी ती हाताखाली कामकरी प्रक्रिया उभ्या करते आणि त्यांना साध्या खात्यावर उतरवते. त्या आलेली मागणी मागं ८०८०वरच्या टॉमकॅटला देतात. टॉमकॅटला फक्त यंत्राच्या आतल्या पत्त्यावर ऐकायला सांगितलं, म्हणजे बाहेरून त्याच्यापर्यंत थेट पोचता येऊ नये.

एवढ्यावर उठायला हरकत नव्हती. पहाटेचे तीन वाजले होते. पण मुलीला आता त्या कामाची गोडी लागली होती, आणि तिनं विचारलं, की टॉमकॅटच्या खात्याला नेमकं काय काय लागतं? दोघांनी एकेक जागा तपासली. लॉग, तात्पुरत्या फाइल आणि काही कामाच्या जागा सोडल्या, तर त्याला लिहायचा हक्क कुठंच लागत नव्हता. ॲप्लिकेशनच्या फाइलींची मालकी वेगळ्या खात्याकडे दिली; टॉमकॅटला त्या वाचता याव्यात, बदलता येऊ नयेत. वजनकाट्याच्या मुख्य डेटाबेसशी जोडणी तोडली. तासातासाला वजनांची एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये येईल आणि साइट ती फक्त वाचेल. बँकेचे खाते क्रमांक त्या प्रतीत घेतलेच नाहीत. लॉगची एक नक्कल दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी सोय केली. मोळीच्या दिवशी अकरा वाजता साइट सुरू झाली. चेअरमन साहेबांनी जाहीर केलं, टाळ्या पडल्या.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होऊन गेली होती. पलीकडच्या तालुक्यातल्या एका कारखान्यात तिच्याबरोबर शिकलेला एक मित्र होता. त्याच्या कारखान्यालाही अशीच साइट हवी होती, अण्णांनीच परवानगी दिली होती, आणि तिनं सगळं ॲप्लिकेशन बसवायच्या स्क्रिप्टसकट त्याला पाठवलं होतं. त्या स्क्रिप्टमध्ये ती सुडोची ओळ होती. आता तिनं त्याला फोन केला आणि नवी मांडणी लिहूनही पाठवली. तो म्हणाला, "आमची साइट चालू झालीये आणि जोरात चाललीये. हंगाम उरकला की निवांत बदलू." तिनं आणखी एकदा सांगितलं. मग तिच्याही मागं हंगामाची कामं लागली.

१० डिसेंबर २०२१चा शुक्रवार. जगभरातल्या जावावाल्यांची झोप त्या दिवशी उडाली. लॉग लिहायची लॉगफोरजे नावाची लायब्ररी असंख्य जावा प्रोग्रामांत वापरलेली असते, आणि तिच्यात एक भयंकर भोक निघालं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीला अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकानं ते ही लायब्ररी सांभाळणाऱ्या अपाची संस्थेला कळवलं होतं. आता ते उघड झालं. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात एक विशिष्ट खूण आली, की ही लायब्ररी तो मजकूर नुसता लिहून ठेवत नसे. त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथली वस्तू आणू बघत असे, आणि त्या वाटेनं परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालवता येत असे. गांभीर्याच्या मोजपट्टीवर याला दहापैकी दहा गुण मिळाले. लॉगफोरशेल असं त्याचं नाव पडलं. दुरुस्त केलेली २.१५ आवृत्ती आली, तीही अपुरी ठरली, मग २.१६, मग २.१७.

मुलीच्या ॲप्लिकेशनमध्ये हीच लायब्ररी होती. कुणी चुकीचा सभासद क्रमांक टाकला, तर टाकलेला मजकूर जसाच्या तसा लॉगमध्ये जायचा. ही तिची चूक नव्हती. चांगल्या प्रोग्रामरनं करायचीच ती नोंद होती. शनिवारी संध्याकाळी तिनं बातमी वाचली आणि धावत ऑफिस गाठलं, तेव्हा उशीर झालेला होता. सर्व्हरचा प्रोसेसर पूर्ण भरून चालत होता. टॉमकॅटच्या नावावर एक अनोळखी प्रक्रिया होती : कुणीतरी कारखान्याच्या विजेवर आभासी चलन खणत होतं.

अण्णा आले. यंत्र नेटवर्कपासून तोडलं. तात्पुरत्या फाइलींच्या जागी घुसखोराची स्क्रिप्ट पडलेली होती, ती दोघांनी ओळीओळीनं वाचली. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या रूटच्या क्रॉनमध्ये स्वतःची नोंद घालायची, रूटच्या खात्यात बाहेरून शिरता यावं म्हणून आपली किल्ली ठेवायची, यंत्राचे लॉग रिकामे करायचे. यातलं एकही झालेलं नव्हतं. तशी नोंद क्रॉनमध्ये नव्हती, किल्ली नव्हती, लॉग जागच्या जागी होते आणि दुसऱ्या यंत्रावरच्या नकलेशी तंतोतंत जुळत होते. टॉमकॅटच्या खात्यानं शुक्रवारनंतर यंत्रावर काय काय बदललं याची यादी काढली, ती एका पानात मावली.

तरीही अण्णांनी समाधान मानलं नाही, आणि या गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच. ते म्हणाले, "टॉमकॅटला जे जे वाचता येत होतं, ते ते गेलं असं धरायचं. वजनांची प्रत, सभासदांची नावं, मोबाइल नंबर." साध्या खात्यावरून वर रूटपर्यंत चढायच्या वाटाही असू शकतात, त्याच वर्षी जानेवारीत खुद्द सुडोमध्ये तशी एक निघाली होती. ती त्यांनी वेळीच बुजवली होती, पण दुसरी नसेलच असं कोण म्हणणार? म्हणून यंत्र पुसून नव्यानं उभारायचं ठरलं. सभासदांना गट ऑफिसवर सूचना लावून कळवलं, की तुमचे नंबर बाहेर गेलेले असू शकतात, कारखान्याच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका. साइटला स्वतःहून बाहेर कुठं जायची गरजच नव्हती, तरी ती वाट उघडी राहिली होती. नव्या यंत्रावर तीही बंद केली. मंगळवारी साइट पुन्हा सुरू झाली. काट्यावर या काळात एक वाहनही थांबलं नाही.

मित्राचा फोन त्या मंगळवारीच आला.

ती आणि अण्णा दोघंही त्याच्या कारखान्यात गेली. तिथं टॉमकॅट रूटच्या नावानं चालत होता, वजनांचा मूळ डेटाबेस त्याच यंत्रावर होता आणि बॅकअपची डिस्क त्यालाच जोडलेली होती. चलन खणणारी तीच प्रक्रिया इथंही होती. मित्र म्हणत होता, ती बंद केली की झालं, बाकी सगळं ठीक दिसतंय.

"दिसतंय कशात?" अण्णांनी विचारलं.

लॉग रिकामे होते. रूटच्या खात्यात एक परकी किल्ली होती. एवढं समजलं तेही डिस्क काढून दुसऱ्या यंत्रावर लावली तेव्हा. कारण ज्याच्या हाती रूट आलं, तो प्रक्रियांची यादी दाखवणारा आदेशच बदलू शकतो, फाइलींच्या तारखा बदलू शकतो, हव्या त्या फाइली नजरेआड करू शकतो. झालं काय ते यंत्राला विचारावं, तर त्याच यंत्राच्या साक्षीवर आता विश्वास ठेवता येत नव्हता. डेटाबेसमधल्या वजनांना कुणी हात लावला होता का? बहुधा नसेल. चलन खणणाऱ्याला उसाच्या टनाशी काय देणंघेणं? पण हे "बहुधा" शेती अधिकाऱ्यांनी सभासदाला कसं सांगायचं? त्या हंगामात दहा टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली उसाची किमान किंमत, क्विंटलला २९० रुपये होती, म्हणजे टनाला २,९००. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि पंधरवड्याचं बिल तोंडावर आलं होतं.

बॅकअप विश्वासाचा नव्हता. शेवटी काट्यावर छापलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती बाहेर काढल्या. हॉलमध्ये सतरंज्या अंथरून शेती खात्याचे कारकून, चिटबॉय, हिशेब विभागाची माणसं बसली आणि एकेक पावती डेटाबेसशी ताडून पाहू लागली. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, सभासद क्रमांक. मुलगी त्यांच्यात बसली होती. कितीतरी नावं तिच्या ओळखीची निघाली; वडिलांच्या भावकीतली काही, मैत्रिणीच्या सासरची काही. बिलं आठवडाभर लांबली. ज्यांनी लग्नाचा मांडव त्या पैशांवर ठरवला होता, ते ऑफिसात येऊन बसले आणि कुणाला काय बोलावं तेच कळेना. पावत्या सगळ्या जुळल्या. एकाही वजनात फरक नव्हता. पण हे कळायला ते सगळे दिवस आणि तेवढी सगळी माणसं लागली.

पावत्या ताडताना चौथ्या दिवशी मित्र अचानक उठला. पावत्या छापणारा काट्यावरचा संगणक विंडोजचा होता, आणि तो कुठल्या खात्यावर चालतो हे आपण कधी बघितलंच नाही, असं तो म्हणाला. तो आणि मुलगी काट्याच्या खोलीत गेली. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती. काट्याचा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यावर चालत होता, कारण बसवणाऱ्यानं वजनाचा आकडा आणणारी केबल वाचायला तसंच लागतं असं सांगितलं होतं. मुलीनं तपासलं, तसं काही लागत नव्हतं. त्या प्रोग्रामला केबलचा आकडा वाचायचा होता आणि एका फोल्डरमध्ये नोंद लिहायची होती.

रात्रीच्या पाळीत दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम मिनिटं मिळत होती. मित्रानं नवं खातं उघडलं, त्याला त्या एका फोल्डरचा हक्क दिला, आणि काटेवाल्याला म्हणाला, "मामा, पुढची गाडी जरा थांबवा, एक रिकामं वजन घेऊन बघू."